रयतेवाचून राज्य

माझ्या हातून बहामनी राज्य आजवर तीनदा बुडाले आहे. पहिल्यांदा ते कर्जापायी बुडाले, दुसऱ्यांदा बंडाळीपायी आणि तिसऱ्यांदा निव्वळ माझ्या हावेपायी. त्या तिसऱ्या खेपेस विजयनगर, गुजरात आणि माळवा हे तिघे एक होऊन माझ्यावर तुटून पडले, तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते आणि आमच्या सौभाग्यवती दाराशी उभ्या राहून विचारीत होत्या, "उद्या सकाळचं लेक्चर बिदरहूनच देणार आहात का?"

वाचकांनी घाबरून जाऊ नये. हे राज्य संगणकाच्या पडद्यावरचे. मी एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. बखरी, पोवाडे आणि जुनी राजकीय गद्ये हा माझा विषय. संगणकावरचे खेळ म्हणजे मुलांचे डोळे आणि आईबापांची झोप बिघडवण्याची युक्ती, असे माझे ठाम मत होते. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात चिरंजीव दहावीची परीक्षा देऊन मोकळे झाले आणि दिवसचे दिवस खोलीत बसू लागले. 'हा आत करतो तरी काय' हे पाहावे, म्हणून एका संध्याकाळी मी चहाचा कप घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसलो. कप गार झाला. मी उठलो नाही.

खेळाचे नाव 'युरोपा युनिव्हर्सालिस', त्यातला चौथा. स्वीडनमधल्या स्टॉकहोम शहरी असलेल्या पॅराडॉक्स नावाच्या कंपनीने तो २०१३ साली काढला. पडद्यावर साऱ्या जगाचा नकाशा उलगडतो. तारीख असते ११ नोव्हेंबर १४४४. त्या दिवशी जगात जी जी राज्ये होती, त्यांतले कोणतेही एक आपण घ्यायचे आणि १८२१ सालापर्यंत चालवायचे. फ्रान्स घ्या, तुर्कस्तान घ्या, नाहीतर माझ्यासारखे बिदरच्या सुलतानाचे तख्त घ्या. खजिना, फौज, तह, सोयरीक, व्यापार, धर्म, सगळे आपल्याच डोक्यावर. बुद्धिबळात चौसष्ट घरे. इथे प्रांतच हजारो. दिवस आपोआप पुढे सरकत राहतात, आणि काळ थांबवण्याची एक कळ असते. माझे सारे राज्य त्या कळीवर चालले.

खेळाने मला काय शिकवले

आधी श्रेय द्यावे, मग तक्रार करावी. वीस वर्षे वर्गात बहामनी राज्याचा उल्लेख करीत आलो, पण बिदर, गुलबर्गा, दौलताबाद यांच्यामधली अंतरे माझ्या मनात कधी उभी राहिली नव्हती. ती खेळाने उभी केली. मुलूख जिंकणे सोपे आणि पचवणे अवघड, हेही त्याने शिकवले. एका घासात फार प्रांत गिळले की राज्यभर असंतोष माजतो, शेजारी सावध होतात आणि मग एकजूट करून चालून येतात. कर्ज काढून फौज उभी करावी, तर व्याज फेडण्यासाठी पुन्हा कर्ज काढावे लागते, हे तर प्रत्येक गृहस्थाला कळावे इतक्या नेमकेपणाने तिथे दिसते.

तेव्हा हा खेळ करणारी माणसे उथळ नाहीत. ती ऐकूनही घेतात. आरंभी या खेळात युरोपातली राज्ये एका गटात आणि हिंदुस्थानातली दुसऱ्या गटात, आणि विद्या मिळवायला आपल्याकडच्या राज्यांना जन्मतःच जास्त मोल पडायचे. २०१६ साली त्यांनी ही पद्धत काढून टाकली. २०१८ साली तर 'धर्म' नावाची एक पुरवणीच हिंदुस्थानासाठी काढली. अशा माणसांना सूचना कराव्याशा वाटतात, त्या यासाठीच. भिंतीला कोणी सूचना करीत नाही.

"स्वाभिमान किती पॉइंट?"

माझ्या सूचनांना सुरुवात झाली ती चिरंजीवांच्या एका वाक्यापासून. जून उजाडला होता, बाहेर पहिला पाऊस पडत होता. तो खेळता खेळता सहज म्हणाला, "बाबा, खरं म्हणजे सोळाशे एकोणनव्वदलाच आपलं सगळं संपायला हवं होतं."

"म्हणजे?"

"राजा गेला. राजधानी गेली. पुढचा राजा पळून पार जिंजीला. समोर केवढी फौज, केवढा खजिना! इथे एवढं झालं की युद्धाचे शंभर गुण भरतात. मग समोरच्याला तह मान्य करावाच लागतो. मराठ्यांनी का नाही केला?"

मी घसा साफ केला आणि वर्गात सांगतो ते सांगितले. स्वराज्याची ज्योत, स्वाभिमान, तेज. तो शांतपणे ऐकत होता. माझे झाल्यावर म्हणाला, "पण बाबा, स्वाभिमान किती पॉइंट?"

त्याने ते टिंगल म्हणून विचारले नव्हते. त्याला खरोखरच हिशोब हवा होता, आणि माझ्याकडे नुसती विशेषणे होती. त्या रात्री मला नीट झोप आली नाही. वीस वर्षे जो विषय शिकवला, त्यातला सर्वांत मोठा प्रश्न एका सोळा वर्षांच्या पोराने विचारावा आणि आपल्याला अलंकारांपलीकडे उत्तर सुचू नये, याची लाज वाटली.

सकाळी कपाटातून 'आज्ञापत्र' काढले. माझ्या सगळ्या वाचकांनी ते वाचले असेलच असे नाही, म्हणून सांगतो. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला हा राजनीतीवरचा मराठी ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. राजाराम महाराज जिंजीला गेले, तेव्हा महाराष्ट्रात मागे राहून राज्य चालवण्याची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवली होती, तेच हे रामचंद्रपंत. म्हणजे माझ्या मुलाच्या हिशोबाप्रमाणे संपलेले राज्य ज्याने प्रत्यक्ष चालवून दाखवले, त्याच माणसाने पुढे राज्य म्हणजे काय ते लिहून ठेवले आहे. शंभर गुण भरल्यानंतरचा खेळ ज्याला ठाऊक, तो हा खेळाडू!

मी ते पुस्तक घेऊन मुलाच्या खोलीत गेलो. "याच्या आधारे त्या स्वीडनच्या लोकांना सूचना लिहू या," म्हटले. त्याने एकच अट घातली. "बाबा, नुसता त्रास वाढवणारी सूचना चालणार नाही. प्रत्येक सूचनेतून खेळणाऱ्याला काहीतरी निवड करावी लागली पाहिजे. नाहीतर लोक कंटाळतील." अट इतकी रास्त होती की आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीतही ती लावावी असे मनात आले.

आमच्या चार सूचना

पहिली सूचना पावसाची. या खेळात पावसाळ्यात फौजेचे हाल होतात. म्हणजे फौजेला पाऊस लागतो, पण पिकाला लागत नाही. एखादी आकस्मिक घटना सोडली तर पाऊस पडो न पडो, महिन्याच्या पहिल्या तारखेला कर खजिन्यात जमा. प्रांताची भरभराट तीन आकड्यांत मोजतात – कर, उत्पादन आणि सैन्यासाठी मिळणारी माणसे. राजाच्या शहाणपणाचे गुण खर्च करून कळ दाबली की आकडा वाढतो. शेत कोणी कसले, कोण जाणे!

दख्खनचा इतिहास असा चालला नाही. १६३० ते १६३२ या काळातल्या दुष्काळात दख्खन आणि गुजरात ओस पडले. ओस पडलेले गाव पुन्हा वसवण्यासाठी आपल्या जुन्या कारभारात रीत होती. परागंदा झालेल्या रयतेला अभयाचा कौल द्यायचा, बीबियाणे आणि बैल यांसाठी तगाई द्यायची आणि पडीक जमिनीवर पहिल्या वर्षी थोडा सारा घेऊन तो दरवर्षी वाढवीत काही वर्षांनी पुरा करायचा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. ही निवडच आहे. दुष्काळात पुरा सारा वसूल करा, फौज पोसा, आणि रयत शेजारच्या मुलखात जाऊ द्या. नाहीतर आज खजिना रिकामा ठेवा आणि पाच वर्षांनी भरलेला प्रांत मिळवा.

इस्तावा हा शब्द चिरंजीवांनी दोनदा उच्चारून पाहिला. "ही तर सॉलिड मेकॅनिक आहे!" म्हणाले. इतक्या वर्षांच्या अध्यापनात जुन्या महसुली शब्दाला अशी दाद मला प्रथमच मिळाली.

दुसरी सूचना युद्ध संपण्याची, आणि हीच मूळ प्रश्नाचे उत्तर. राजधानी आणि किल्ले पडले की युद्ध संपले, हा हिशोब ज्या राज्याचा जीव एका जागी असतो त्याला लागू. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, त्याच वर्षी रायगड पडला. पण जिंजी घ्यायला मोगलांना १६९० पासून १६९८ पर्यंत झगडावे लागले, आणि तोवर महाराष्ट्रात रामचंद्रपंत कारभार पाहत होते, संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव मोगली छावण्यांना आणि रसदेला सुखाने झोपू देत नव्हते. १७०० नंतर ताराबाईंनी तेच चालवले. विजापूर १६८६ साली आणि गोवळकोंडा १६८७ साली पडले ते कायमचे. त्यांचे राज्य तख्ताशी बांधलेले होते. इथे तख्त हलते झाले. औरंगजेब १७०७ साली अहमदनगरजवळ वारला तो युद्ध न संपवताच.

किल्ल्यांचेही तेच. खेळात वेढा घातला की ठराविक दिवसांनी फासा पडतो: कधी अन्न संपते, कधी पाणी, कधी तटाला खिंडार. पण औरंगजेबाने अखेरच्या वर्षांत घेतलेल्या किल्ल्यांपैकी बरेचसे किल्लेदारांशी वाटाघाटी करून, पैसा देऊन मिळाले, आणि मराठ्यांनी त्यांतले कितीतरी त्याची पाठ फिरताच परत घेतले. म्हणजे किल्लेदाराला पैसा देणे, किल्ला विकून तोच पैसा पुढच्या लढाईला वापरणे, वतनाच्या आशेने सरदार धरून ठेवणे, हे सारे खेळात हवे. त्यातही निवड आहे. वतने वाटली तर आज राज्य जगते, पण उद्या तेच वतनदार डोईजड होतात. वतनदार म्हणजे राज्यातले छोटे भागीदारच, त्यांना सांभाळणे किती कठीण, हे आज्ञापत्रात तपशिलाने आले आहे. ते लिहिणाऱ्याने ती किंमत स्वतः मोजली होती.

हे सांगून झाल्यावर मुलगा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे स्वाभिमानाचे पॉइंट नव्हते. राज्य नकाशावर दिसत होतं तिथे नव्हतंच." मी वर्गात कधी इतक्या थोडक्यात सांगू शकलो नव्हतो.

तिसरी सूचना रंगाची. खेळातल्या नकाशावर प्रत्येक प्रांताला एक मालक आणि एक रंग. मांडलिक आहेत, खंडणी आहे. पण एकाच गावावर दोन सरकारांचा हक्क हे त्यात बसत नाही. १७१९ साली दिल्लीच्या बादशहाकडून दख्खनच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मराठ्यांना मिळाल्या. मुलूख बादशहाचा आणि वसुलीतला चौथा आणि दहावा हिस्सा मराठ्यांचा. अशा दुहेरी अंमलाला आपल्याकडे दुअंमल हा शब्दच आहे. तेव्हा नकाशावर एकाच प्रांतात दोन रंगांचे पट्टे दिसू द्या.

ही सूचना लिहिताना चिरंजीव खुशीत होते; चौथाईचा आकडा खजिन्यात वाढेल एवढेच त्यांना दिसत होते. मी म्हटले, "थांब. त्या पट्ट्याखाली गाव आहे. ते दोनदा भरते." १७४० नंतरच्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या. तिथल्या आया मुलांना निजवताना 'बर्गी' आले म्हणून भीती घालू लागल्या, ते बर्गी म्हणजे आपलेच घोडेस्वार. आपल्या पराक्रमाच्या नकाशात दुसऱ्याची अंगाई बसवता आली पाहिजे. दुअंमलाच्या प्रांतात वसुली वाढवावी तसतसे गाव रिते होत जावे, असे आम्ही त्या सूचनेत घातले.

चौथी सूचना व्यापाराची. खेळात जगाच्या बाजारपेठा एकमेकींना जोडलेल्या आहेत, पण नद्यांसारख्या. प्रवाहाची दिशा ठरलेली आणि तो उलटा फिरत नाही. सगळे पाणी अखेरीस इंग्लिश चॅनल, जिनोआ किंवा व्हेनिस या तीन मुक्कामांपैकी एखाद्या ठिकाणी पोहोचते. मी बिदरला बसून कितीही डोके चालवले तरी माझी पेठ ही वाटेवरचीच पेठ. सोळाव्या-सतराव्या शतकांत गुजरातचे आणि कोरोमंडलचे कापड मोखा, बसरा आणि मलाक्केपर्यंत जात होते, आणि युरोपचे व्यापारी आपल्या मालाला इथे फारसा उठाव नाही म्हणून चांदी घेऊन येत होते. चांदी पूर्वेला वाहत होती. शेवटी प्रवाह फिरला हे खरे, पण का आणि कसा फिरला हाच तर इतिहास! तो खेळण्याआधीच कोरून ठेवला, तर खेळायचे काय?

आज्ञापत्रकारांनी या टोपीकरांविषयी केव्हाच सावध केले होते. हे इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्यामागे यांचे राजे आहेत. व्यापार करू द्यावा, पण समुद्रकाठी किल्ला बांधण्याजोगी जागा देऊ नये, असे त्यांचे सांगणे. हीही निवडच. जागा द्यावी तर जकात आज वाढते. न द्यावी तर माल शेजारच्या बंदरात उतरतो.

जे बटणात बसत नाही

पाचवी सूचना आम्ही लिहिली आणि खोडली. आरमार बांधायला लाकूड लागते. आज्ञापत्र सांगते की आंबा-फणसाची झाडे कामाची खरी, पण त्यांना हात लावू नये; रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. फारच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे. बळजबरी करू नये.

मी म्हटले, "हे घालू." मुलाने पुष्कळ विचार केला. झाडे तोडली तर जहाज स्वस्त, न तोडली तर महाग. तोडली तर असंतोष इतके टक्के. कागदावर मांडून पाहिले. मग त्यानेच रेघ मारली. "बाबा, असंतोष झाला नाही तरीसुद्धा तोडायचं नाही, असं म्हणतायत ना ते? याचं बटण होत नाही."

खेळाला मर्यादा असतेच, तशी ती पोथीलाही असते. आज्ञापत्रात राज्य कसे असावे ते आहे. बंगालच्या रयतेला ते तसे भेटले नाही. तरी पण एका कारभाऱ्याला आंब्याचे झाड दिसले, एवढे तरी शिल्लक आहे. राज्य चालवणाऱ्याच्या नजरेत काय यावे आणि काय येऊ नये, हे खेळ सतत ठरवीत असतो, आणि मुले दिवसचे दिवस त्या नजरेने पाहतात. म्हणून मला या सूचना एवढ्या महत्त्वाच्या वाटतात.

आमची पत्रिका इंग्रजीत उतरवण्याचे काम चिरंजीवांकडे आले. ते अजून चालू असतानाच, नोव्हेंबर २०२५ मध्ये या मालिकेतला पाचवा खेळ बाहेर पडला. तो १३३७ सालापासून सुरू होतो, आणि त्यात प्रांतातली माणसे मोजलेली असतात. कोणत्या वर्गाची किती, कोणत्या धर्माची किती. म्हणजे आमची निम्मी पहिली सूचना त्यांनी न विचारताच मान्य केली म्हणायची. आमच्या घरातल्या संगणकाला तो खेळ पेलत नाही. नवा संगणक घेण्याचा प्रस्ताव गृहमंत्र्यांच्या विचाराधीन आहे आणि बहामनी राज्याचा पूर्वेतिहास पाहता मंजुरीची आशा कमी आहे.

त्याच्या आधीच्या दिवाळीतली एक गोष्ट सांगून पुरे करतो. आमच्या सोसायटीच्या अंगणात लहान मुलांनी नेहमीप्रमाणे मातीचा किल्ला केला. थोरला म्हणून चिरंजीवांना बुरुज बांधायला बोलावले. मी वर गच्चीतून पाहत होतो. बुरुज झाला, अळीव पेरले, महाराज वर बसले, मावळे उभे राहिले. मग एका छोट्या मुलीने खोक्यातली बाकीची चित्रे काढली आणि पायथ्याशी मांडू लागली. डोक्यावर घागर घेतलेली बाई, भाजीवाली, वाणी, नांगर धरलेला शेतकरी आणि जात्यावर बसलेली एक आजी. आजी बुरुजाहून उंच होती.

"एवढी माणसं कशाला? किल्ला दिसतच नाही," दुसरा एक मुलगा कुरकुरला.

"राहू दे," आमचे चिरंजीव म्हणाले, आणि आजीला जागा करण्यासाठी त्यांनी दोन मावळे बाजूला सरकवले.